विद्युत् जनित्राचे स्वयं-उत्तेजन

विद्युत् जनित्रात प्रवाह उत्पन्न होण्यासाठी चुंबकीय क्षेत्राची आवश्यकता असते. हे क्षेत्र निर्माण करण्यासाठी बाहेरच्या विद्युत् घटमालेचा किंवा दुसऱ्या जनित्राचा उपयोग न करता त्याच जनित्राने दिलेल्या प्रवाहाचा उपयोग करणे, यास स्वयं-उत्तेजन असे म्हणतात. यंत्र फिरू लागते तेव्हा त्याच्या लोखंडात पूर्वीच्या चुंबकनाचा अल्पसा अवशेष असतो. या अवशिष्ट चुंबकत्वामुळे क्षीण विद्युत् दाब निर्माण होतो, त्यामुळे क्षेत्र-वेटोळ्यांतून थोडा प्रवाह वाहतो, त्या प्रवाहाने चुंबक अधिक प्रबळ होतो व त्यामुळे विद्युत् दाब आणखी वाढतो. हा क्रम ठराविक दाबाशी येऊन थांबतो. वरवर पाहता स्वतःच्याच खांद्यावर चढण्यासारखी वाटणारी ही क्रिया १८६६–६७ च्या हिवाळ्यात युरोपात अनेकांना जवळजवळ एकाच वेळी उमगली आणि तीमुळे वीज ही प्रयोगशाळेतून व तारायंत्राच्या कचेरीतून बाहेर पडून कारखान्यात व घराघरांत पोहोचली.

चिरचुंबकांचा काल : मायकेल फॅराडे (१७९१–१८६७) यांनी १८३१ मध्ये विद्युत् चुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला. त्याच वर्षी २८ ऑक्टोबर रोजी त्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या मोठ्या चुंबकाच्या ध्रुवांमध्ये तांब्याची तबकडी फिरवून तीमधून अखंड प्रवाह मिळविला. हे जगातील पहिले विद्युत् जनित्र होय. पुढच्याच वर्षी पॅरिसमधील उपकरणकार ईपोलीत पिक्सी यांनी नालाकृती चुंबक वेटोळ्यांसमोर फिरविणारे यंत्र तयार केले. अशा यंत्रातील प्रवाहाची दिशा दर अर्ध्या फेऱ्याला बदलते. ती एकच राहावी म्हणून आंद्रे मारी अँपिअर यांच्या सूचनेवरून पिक्सी यांनी यंत्राला दिक्परिवर्तक जोडला. एकदिश जनित्राचे मूलभूत घटक, म्हणजे चुंबक, वेटोळे व दिक्परिवर्तक, अशा रीतीने फॅराडे यांच्या शोधानंतर अवघ्या एका वर्षात सिद्ध झाले होते.

असे असूनही पुढील सु. ३५ वर्षे या यंत्रांची शक्ती फारशी वाढू शकली नाही. याचे कारण त्यांतील पोलादी चिरचुंबक हे होते. त्या काळचे पोलादी चुंबक दुर्बल असत. आघात, कंपने व उष्णता यांमुळे ते अधिकच निस्तेज होत. जास्त शक्ती हवी असेल, तर चुंबकांची संख्या वाढविणे एवढाच उपाय होता. बेल्जियममधील फ्लोरिस नोले यांच्या आराखड्यावरून निघालेली फ्रान्समधील ‘आलियांस’ यंत्रे आणि इंग्लंडमधील फ्रेडरिक हेल होम्स यांची यंत्रे ही याची उदाहरणे होत. होम्स यांच्या यंत्राच्या प्रकाशाची चाचणी डिसेंबर १८५८ मध्ये इंग्लंडच्या साउथ फोरलंड येथील दीपगृहात घेण्यात आली. दीपगृहांची व्यवस्था पाहणाऱ्या ट्रिनिटी हाउस या संस्थेचे शास्त्रीय सल्लागार या नात्याने स्वतः फॅराडे यांनीच तिचे परीक्षण केले होते. प्रकाश उत्तम पडत असला, तरी डझनावारी चुंबक असलेली ती अवजड व महाग यंत्रे दीपगृहाखेरीज अन्यत्र परवडण्यासारखी नव्हती.

विद्युत् चुंबकाकडे वाटचाल : पोलादी चिरचुंबकापेक्षा प्रबळ चुंबक उपलब्ध नव्हता असे नाही. विल्यम स्टर्जन यांनी १८२५ च्या सुमारास मऊ लोखंडाभोवती तार गुंडाळून विद्युत् चुंबक बनविला होता आणि जोसेफ हेन्री यांनी त्यात मोठी सुधारणा केली होती. जनित्रात विद्युत् चुंबक वापरण्यासंबंधीचे पेटंट चार्ल्स व्हीटस्टन व विल्यम कुक यांनी १८४५ मध्ये घेतले. तथापि या विद्युत् चुंबकाला घटमालेतून प्रवाह पुरवावा लागे. रासायनिक घटांच्या खर्चातून सुटका व्हावी म्हणून जनित्र तयार करावयाचे आणि ते चालविण्यासाठी पुन्हा घटच वापरावयाचे, अशी ही अडचण होती.

यातून सुटण्याचा मार्ग काही जणांना लवकर दिसला होता. जर्मनीतील व्हिल्हेल्म सिनस्टेडेन यांनी १८५१ मध्ये चिरचुंबकी यंत्राचा प्रवाह विद्युत् चुंबकाला देण्याची कल्पना सुचविली. डॅनिश संशोधक सोरेन ह्यॉर्ट यांनी १८५५ च्या ब्रिटिश पेटंटात चिरचुंबक व विद्युत् चुंबक असे दोन्ही असलेले यंत्र वर्णिले. त्यात चिरचुंबकाने सुरू केलेला प्रवाह विद्युत् चुंबकांभोवती फिरवून त्यांचे बल वाढवावयाचे व वाढलेल्या बलाने प्रवाह वाढवावयाचा, अशी योजना होती. स्वयं-उत्तेजनाचे तत्त्व येथे स्पष्ट दिसते. फक्त आरंभासाठी चिरचुंबक आवश्यक आहे, ही समजूत कायम होती.

हंगेरीतील बेनेडिक्टाइन पंथाचे धर्मगुरू व पेश्त विद्यापीठातील भौतिकीचे प्राध्यापक आन्योश येडलिक (१८००–९५) हे याच्याही पुढे गेले. त्यांच्या एकध्रुवी यंत्राच्या १८६१ मधील वापर-सूचनेत यंत्राचाच प्रवाह त्याच्या विद्युत् चुंबकात सोडण्याची व लोखंडातील अल्प अवशिष्ट चुंबकत्वापासून आरंभ करण्याची रीत सांगितली आहे. परंतु त्यांनी ती कोठेही प्रसिद्ध केली नाही वा तिचे पेटंटही घेतले नाही. त्यामुळे पुढील घडामोडींवर येडलिक यांच्या शोधाचा काहीच परिणाम झाला नाही.

व्हेर्नर सीमेन्स (१८१६–९२) यांनी १८५६ मध्ये वेगळ्या बाजूने सुधारणा केली. त्यांनी लोखंडी दंडगोलाला लांबीच्या दिशेने समोरासमोर दोन खोबणी पाडून त्यांत तार गुंडाळली. विणकराच्या धोट्यासारखे दिसणारे हे आर्मेचर चुंबकाच्या ध्रुवांमध्ये अगदी जवळून फिरू शके. त्यामुळे मधली हवेची फट लहान झाली व उपलब्ध चुंबकत्वाचा चांगला उपयोग होऊ लागला. स्वयं-उत्तेजनाच्या दृष्टीने ही सुधारणा महत्त्वाची ठरली. कारण फट मोठी असल्यास अवशिष्ट चुंबकत्वापासून मिळणारा आरंभीचा दाब व त्याची वाढ ही दोन्ही अपुरी पडतात.

मँचेस्टर येथील हेन्री वाइल्ड (१८३३–१९१९) यांनी १८६३ मध्ये दोन यंत्रांची जोडी योजिली. चिरचुंबक असलेल्या लहान यंत्राचा प्रवाह मोठ्या यंत्राच्या विद्युत् चुंबकात सोडल्यास मोठ्या यंत्रातून कितीतरी पट अधिक शक्तिशाली प्रवाह मिळे. त्यांचा याविषयीचा निबंध १८६६ मध्ये फॅराडे यांनी रॉयल सोसायटीपुढे ठेवला. वाइल्ड यांच्या मोठ्या यंत्राच्या प्रवाहाने लोखंडी सळई वितळविता येत असे. अत्यल्प चुंबकत्वापासून अमर्याद चुंबकत्व उत्पन्न करता येते, या त्यांच्या प्रतिपादनाने अनेकांना अचंबा वाटला. वास्तविक येथे शून्यातून काही निर्माण होत नव्हते. वाढलेल्या प्रवाहाची ऊर्जा वाफेच्या एंजिनाकडून मिळत होती. लहान चुंबक केवळ तिला वाट करून देत होता. ऊर्जेच्या अक्षय्यतेचे तत्त्व त्या वेळी नुकतेच रूढ होत होते आणि वाइल्ड यांचे यंत्र हे त्याचे ठसठशीत प्रात्यक्षिक होते. येथून पुढची पायरी सहज दिसण्यासारखी होती : मोठ्या यंत्राला लहान यंत्राची तरी गरज का असावी?

१८६६–६७ चा हिवाळा : या प्रश्नाचे उत्तर काही महिन्यांच्या अवधीत निदान चार ठिकाणी मिळाले. अमेरिकेतील मोझेस फार्मर यांनी १८६६ च्या अखेरीस वाइल्ड यांना पाठविलेल्या पत्रात स्वतःच्याच प्रवाहावर चालणाऱ्या यंत्राचा उल्लेख केला. इंग्लंडमध्ये सॅम्युएल आल्फ्रेड व्हार्ली व त्यांचे बंधू क्रॉमवेल यांनी २४ डिसेंबर १८६६ रोजी अशा यंत्राच्या पेटंटासाठी तात्पुरते विवरण दाखल केले. पण नियमानुसार ते काही महिने गुप्त राहिले. व्हीटस्टन यांचे यंत्र १८६६ च्या उन्हाळ्यात तयार झाले होते, असे पुढे सांगण्यात आले.

बर्लिनमध्ये व्हेर्नर सीमेन्स यांनी डिसेंबर १८६६ मध्ये आपले लहान यंत्र तेथील भौतिकीविज्ञांना दाखविले. त्यांची विचारसरणी अशी होती. विद्युत् चलित्र फिरत असताना त्यात निर्माण होणारा विरोधी दाब घटमालेचा प्रवाह कमी करतो. तेच चलित्र बाहेरून जोर लावून उलट दिशेने फिरविल्यास तो दाब प्रवाहाला विरोध न करता त्याला साहाय्य करील. मग प्रवाह वाढेल, प्रवाहाबरोबर चुंबकत्व वाढेल आणि घटमाला काढून घेतली, तरीही ही वाढ चालू राहील. हाइन्रिख गुस्टाफ मॅग्नस यांनी १७ जानेवारी १८६७ रोजी सीमेन्स यांचा निबंध बर्लिनच्या विज्ञान अकादमीपुढे सादर केला. यांत्रिक बलापासून वीज देणारे यंत्र या अर्थी सीमेन्स यांनी योजिलेल्या ‘डायनामो-इलेक्ट्रिक’ या संज्ञेचे पुढे ‘डायनामो’ हे संक्षिप्त रूप सर्वत्र प्रचारात आले. हे मूळ यंत्र म्यूनिक येथील जर्मन संग्रहालयात जतन करण्यात आले आहे.

यानंतर १४ फेब्रुवारी १८६७ रोजी रॉयल सोसायटीच्या एकाच बैठकीत या विषयावर दोन निबंध वाचण्यात आले. एक व्हेर्नर यांचे इंग्लंडमध्ये स्थायिक झालेले बंधू विल्यम सीमेन्स यांचा व दुसरा व्हीटस्टन यांचा होता. दोघांचे तत्त्व एकच असले, तरी जोडणीत फरक होता. सीमेन्स यांच्या यंत्रात आर्मेचर, क्षेत्र-वेटोळी व बाहेरचे मंडल एकसरीत जोडलेली होती. व्हीटस्टन यांनी प्रवाहाचा काही भाग चुंबकाभोवतीच्या वेगळ्या शाखेतून नेण्याचा प्रयोगही वर्णिला होता. पुढे रूढ झालेल्या एकसरी व अनेकसरी या दोन जनित्र-प्रकारांचे मूळ या दोन निबंधांत आढळते.

अग्रहक्काचा वाद यातून उद्‌भवणे अपरिहार्य होते व तो पुढे अनेक वर्षे चालू राहिला. यंत्र प्रथम कोणी चालविले, पेटंट-कचेरीत प्रथम कोण पोहोचले, विद्वत्सभेपुढे प्रथम कोणी मांडले आणि तत्त्व प्रथम कोणी लिहून ठेवले, या चार प्रश्नांची चार वेगवेगळी उत्तरे येतात. प्रसिद्धी हा निकष मानल्यास सीमेन्स यांचे नाव पुढे येते. पेटंटाचा दिनांक पाहिल्यास व्हार्ली बंधूंचे. तत्त्वाची लेखी नोंद पाहिल्यास येडलिक यांचे. व्हीटस्टन यांच्या बाजूने त्यांच्या यंत्राच्या घडणीचा काळ पुढे करण्यात येतो. तर वाइल्ड यांच्या कार्यावाचून १८६६ मधील या संशोधकांना प्रेरणा मिळाली नसती, असेही म्हणता येते. एका व्यक्तीला या शोधाचे सर्व श्रेय देणे म्हणूनच योग्य ठरत नाही. मात्र सीमेन्स यांचे एक वैशिष्ट्य निर्विवाद आहे : या तत्त्वामुळे स्वस्त व प्रबळ वीज कोठेही निर्माण करता येईल, हे त्यांनी आरंभापासून ओळखले व त्या दिशेने आपला उद्योग उभारला.

विद्युत् दाब कसा वाढतो : या प्रश्नाचा पहिला गणिती विचार जेम्स क्लार्क मॅक्सवेल (१८३१–७९) यांनी केला. चिरचुंबकावाचून यांत्रिक कार्याने विद्युत् प्रवाह कसा टिकून राहतो, याविषयीचा त्यांचा निबंध मार्च १८६७ मध्ये, म्हणजे वरील बैठकीनंतर महिन्याभरातच, रॉयल सोसायटीपुढे आला. केवळ यंत्र फिरविणे पुरेसे नसून प्रत्येक फेऱ्यात मिळणारी वाढ ही रोधामुळे होणाऱ्या घटीपेक्षा जास्त असली, तरच प्रवाह वाढत जाईल, हा त्यातील विचाराचा गाभा होय.

पुढे जॉन हॉपकिन्सन (१८४९–९८) यांनी १८७९ पासून केलेल्या अभ्यासात हाच विचार अभियंत्यांना वापरता येईल अशा आलेखाच्या रूपात मांडला. ठराविक वेगाने फिरणाऱ्या यंत्रात क्षेत्र-प्रवाह वाढवीत नेल्यास विद्युत् दाब कसा वाढतो हे दाखविणाऱ्या वक्राला फ्रेंच अभियंते मार्सेल देप्रे यांनी ‘अभिलक्षण वक्र’ असे नाव दिले. हा वक्र आरंभी जवळजवळ सरळ चढतो. पुढे लोखंड चुंबकीय दृष्ट्या संपृक्त होऊ लागले की, तो आडवा होत जातो.

एक काल्पनिक उदाहरण घेतल्यास ही क्रिया स्पष्ट होईल. मिनिटाला १,००० फेरे करणाऱ्या अनेकसरी जनित्रात क्षेत्र-प्रवाह शून्य असताना अवशिष्ट चुंबकत्वामुळे ८ व्होल्ट दाब मिळतो असे मानू. क्षेत्र-प्रवाह ०·२५ अँपिअर असता ७२, ०·५ असता १३६, ०·७५ असता १८२, १ असता २१२ आणि १·१ अँपिअर असता २२० व्होल्ट दाब मिळतो. क्षेत्र-मंडलाचा रोध २०० ओहम आहे व आर्मेचरातील दाबाची घट उपेक्षणीय आहे, असेही मानू. आरंभीच्या ८ व्होल्टमुळे क्षेत्र-वेटोळ्यांतून ०·०४ अँपिअर प्रवाह वाहू शकेल. तेवढ्या प्रवाहाने दाब सु. १८ व्होल्ट होईल. त्यामुळे प्रवाह ०·०९ अँपिअरवर जाईल व दाब सु. ३१ व्होल्ट होईल. प्रत्यक्षात ही वाढ अशी पायऱ्यापायऱ्यांनी न होता सलग होते. क्षेत्र-वेटोळ्यांचे स्वयंप्रवर्तन प्रवाहाच्या वाढीला विरोध करते. म्हणून पूर्ण दाब येण्यास, विशेषतः मोठ्या यंत्रांत, काही सेकंद लागतात.

वाढ कोठे थांबते हेही यावरून कळते. ०·५ अँपिअर प्रवाह टिकविण्यास २०० ओहम रोधामुळे १०० व्होल्ट लागतात, पण यंत्र १३६ व्होल्ट देते. उरलेले ३६ व्होल्ट प्रवाह वाढविण्याच्या कामी येतात. १ अँपिअरला २०० व्होल्ट लागतात व २१२ मिळतात. म्हणजे शिल्लक केवळ १२ व्होल्ट राहते. १·१ अँपिअरला मात्र २२० व्होल्ट लागतात व तेवढेच मिळतात. शिल्लक संपते व दाब स्थिर होतो. आलेखावर हा बिंदू म्हणजे अभिलक्षण वक्र व रोधाची सरळ रेषा यांचा छेदनबिंदू होय. प्रवाह काही कारणाने याहून वाढला, तर दाब अपुरा पडून तो पुन्हा उतरतो. कमी झाला, तर शिलकीमुळे पुन्हा चढतो. अशा रीतीने दाबाच्या वाढीला मर्यादा घालणारी लोखंडाची संपृक्तता हीच यंत्राला स्थैर्य देते. वक्र सरळच राहता, तर दाब यंत्राचा नाश होईपर्यंत किंवा एंजिन थकेपर्यंत वाढत गेला असता.

आता क्षेत्र-मंडलात आणखी रोध घालून तो ४०० ओहम केला असे समजू. वक्राचा आरंभीचा चढ दर अँपिअरला २५६ व्होल्ट इतकाच असल्याने दाब सु. २२ व्होल्टपाशीच अडकतो. ज्या रोधापलीकडे जनित्र अशा रीतीने निष्क्रिय राहते, त्यास क्रांतिक रोध म्हणतात. या उदाहरणात तो सु. २५६ ओहम आहे. वेग कमी केल्यास हाच परिणाम होतो. कारण दाब वेगाच्या सम प्रमाणात असतो. मिनिटाला ५०० फेरे असताना वक्राची उंची निम्मी होते व २०० ओहम रोध असूनही दाब सु. ११ व्होल्टवर थांबतो. या रोधासाठी क्रांतिक वेग सु. ७८० फेरे येतो. वेग हळूहळू वाढवीत नेताना बराच वेळ काहीच घडू नये आणि मग एका वेगानंतर दाब एकाएकी उसळून यावा, या आरंभीच्या संशोधकांना चकित करणाऱ्या अनुभवाचे स्पष्टीकरण यातच आहे.

यावरून स्वयं-उत्तेजनाच्या आवश्यक अटी पुढीलप्रमाणे निश्चित होतात. लोखंडात अवशिष्ट चुंबकत्व असले पाहिजे. क्षेत्र-वेटोळ्यांची जोडणी व फिरण्याची दिशा अशी असली पाहिजे की, पहिल्या क्षीण प्रवाहाने अवशिष्ट चुंबकत्वात भर पडेल. दिशा उलटी असल्यास तो प्रवाह त्या चुंबकत्वालाच मारक ठरतो व दाब चढत नाही. क्षेत्र-मंडलाचा रोध क्रांतिक रोधापेक्षा कमी व वेग क्रांतिक वेगापेक्षा जास्त हवा. शिवाय एकसरी जनित्राचे बाहेरचे मंडल पूर्ण असावे लागते, कारण तेथे सर्व प्रवाह क्षेत्र-वेटोळ्यांतूनच जातो. उलट अनेकसरी जनित्र भार न जोडता सुरू करणे इष्ट असते. दिक्परिवर्तकावर काजळी धरल्यास किंवा ब्रश नीट टेकत नसल्यास मंडलाचा रोध वाढतो व निर्दोष जनित्रदेखील दाब देत नाही. पुष्कळ दिवस पडून राहिल्याने वा धक्क्यांनी अवशिष्ट चुंबकत्व नष्ट झाले असल्यास क्षेत्र-वेटोळ्यांत घटमालेचा प्रवाह क्षणभर सोडून ते परत आणतात. मोटारगाड्यांत एकदिश डायनामो असत त्या काळी वाहनदुरुस्ती करणाऱ्या कारागिरांना ही युक्ती चांगली परिचित होती. घटमाला उलटी जोडल्यास यंत्र दाब देते, परंतु त्याचे धन व ऋण अग्र परस्परांत बदलतात.

दिशेच्या अटीमुळे आगगाडीच्या डब्यांतील दिव्यांच्या बाबतीत विशेष प्रश्न उद्‌भवला. डब्याच्या आसावर पट्ट्याने फिरणारे जनित्र गाडी उलट जाऊ लागली की उलटे फिरते. यावर उपाय म्हणून ब्रश धरणारी चौकट घर्षणाने आपोआप सरकेल व अग्रांची दिशा कायम राहील, अशी योजना करण्यात आली. भारतीय रेल्वेच्या डब्यांतही आसावर चालणारी एकदिश जनित्रे दीर्घकाळ वापरात होती. पुढे त्यांची जागा ब्रशविरहित प्रत्यावर्ती जनित्रांनी घेतली.

प्रसार : १८६७ मधील यंत्रे तत्त्वतः पूर्ण असली, तरी व्यवहारात सदोष होती. सीमेन्स यांच्या धोट्यासारख्या आर्मेचराच्या भरीव लोखंडात आवर्त प्रवाह निर्माण होऊन ते अतिशय तापे. शिवाय मिळणारा प्रवाह एकदिश असला, तरी सारखा कमीजास्त होई. इटलीतील आंतोन्यो पाचिनोत्ती यांनी १८६० मध्ये रचलेले कड्याच्या आकाराचे आर्मेचर फारसे कोणाच्या लक्षात आले नव्हते. बेल्जियममध्ये जन्मलेल्या झेनोब ग्राम यांनी १८७० मध्ये तशाच आर्मेचराला स्वयं-उत्तेजनाची जोड दिली व जवळजवळ स्थिर प्रवाह देणारे पहिले व्यापारी जनित्र तयार केले. १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनात ग्राम यांच्या एका यंत्राच्या विजेवर दुसरे यंत्र चलित्र म्हणून चालविण्यात आले आणि शक्ती दूर नेण्याचे साधन म्हणून विजेकडे लोकांचे लक्ष वेधले. सीमेन्स यांच्या उद्योगातील फ्रीड्रिख फोन हेफ्नर-आल्टेनेक यांनी १८७२ मध्ये पिंपाच्या आकाराचे आर्मेचर काढले व पुढे तेच सर्वत्र रूढ झाले.

प्रज्योत दिव्यांच्या मालिकांसाठी एकसरी, तर समान दाबावर जळणाऱ्या तप्ततंतू दिव्यांसाठी अनेकसरी जनित्र सोयीचे ठरले. टॉमस आल्वा एडिसन यांचे न्यूयॉर्कमधील पर्ल स्ट्रीट विद्युत् केंद्र ४ सप्टेंबर १८८२ रोजी सुरू झाले. त्यातील सु. २७ टन वजनाचे प्रत्येक जनित्र सु. १०० किलोवॉट शक्ती व ११० व्होल्ट दाब देई. भार वाढला तरी दाब उतरू नये म्हणून एकसरी व अनेकसरी अशी दोन्ही वेटोळी असलेली संमिश्र जनित्रे १८८० नंतरच्या काही वर्षांत प्रचारात आली. जॉन व एडवर्ड हॉपकिन्सन या बंधूंनी १८८६ मध्ये चुंबकीय मंडलाचा सिद्धांत मांडला आणि यंत्र बांधण्यापूर्वीच त्याचा अभिलक्षण वक्र काढणे शक्य झाले. जनित्राची रचना ही कारागिराच्या अनुभवाच्या क्षेत्रातून निघून गणिती शास्त्राच्या क्षेत्रात आली, ती या टप्प्यावर.

तत्त्वाचा व्यापक विस्तार : स्वयं-उत्तेजनाच्या कल्पनेला यंत्राबाहेरही महत्त्व प्राप्त झाले. जोसेफ लार्मर यांनी १९१९ मध्ये असे सुचविले की, सूर्य व पृथ्वी यांच्या अंतरंगातील वाहक द्रव्याच्या हालचालींमुळे त्यांची चुंबकीय क्षेत्रे डायनामोप्रमाणेच टिकून राहत असावीत. येथे तारा नाहीत, दिक्परिवर्तक नाही व विद्युत् निरोधनही नाही. असे असताना ही क्रिया संभवते का, हा प्रश्न होता. टी. जी. काउलिंग यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की, अक्षाभोवती पूर्णपणे सममित असणारे क्षेत्र अशा रीतीने टिकू शकत नाही. आर्विड हर्झनबर्ग यांनी १९५८ मध्ये फिरणाऱ्या दोन गोलांचे उदाहरण घेऊन एकसंध वाहकातही स्वयं-उत्तेजन शक्य असल्याचे सिद्ध केले. द्रवरूप सोडियमाच्या प्रवाहात असे क्षेत्र आपोआप निर्माण झाल्याचे १९९९ च्या अखेरीस लॅटव्हियातील रीगा व जर्मनीतील कार्ल्सरूए येथील प्रयोगांत प्रत्यक्ष आढळून आले. सीमेन्स यांच्या यंत्राप्रमाणेच येथेही क्षेत्र उद्‌भवण्यासाठी वेगाने क्रांतिक मर्यादा ओलांडावी लागते. होकायंत्राची सुई ज्या क्षेत्रामुळे उत्तर दाखविते, ते क्षेत्र पृथ्वीच्या गाभ्यातील अशाच क्रियेने टिकून आहे, असे आता सर्वसाधारणपणे मानले जाते.

यंत्राच्या क्षेत्रात मात्र एकदिश जनित्राचे महत्त्व विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कमी होत गेले. अर्धसंवाहक एकदिशकारक उपलब्ध झाल्यावर प्रत्यावर्ती जनित्राचा प्रवाह सहज एकदिश करता येऊ लागला. मोटारगाड्यांतील डायनामो १९६० नंतरच्या दशकात मागे पडू लागले, तसेच मोठ्या विद्युत् केंद्रांतील जनित्रांना क्षेत्र-प्रवाह पुरविणारी एकदिश जनित्रे पुढे स्थिर एकदिशकारकांनी व ब्रशविरहित उत्तेजकांनी हटविली. १९८० नंतरच्या दशकात निओडिमियम, लोह व बोरॉन यांच्या मिश्रधातूचे प्रबळ चिरचुंबक तयार झाले. तेव्हापासून पवनचक्क्यांच्या अनेक जनित्रांत, शंभर वर्षांपूर्वी ज्याला दूर सारले गेले होते, तो चिरचुंबक परत आला आहे. मराठीत ‘डायनामो’ या नावाने ओळखले जाणारे सायकलीच्या दिव्याचे साधनही वस्तुतः चिरचुंबकाचे लहान प्रत्यावर्ती जनित्रच होय. त्यात स्वयं-उत्तेजन नसते. असे असले, तरी क्षेत्र-वेटोळे असलेल्या यंत्रात दाबाचे नियमन क्षेत्र-प्रवाह कमीजास्त करून करता येते. चिरचुंबकाच्या यंत्रात ही सोय नसल्याने मोठ्या विद्युत् केंद्रांतील जनित्रांत विद्युत् चुंबकाचेच स्थान टिकून राहिले आहे.